बॉल तिकडं असताना गोलकीपर काय करते

‘मुलींच्या खेळाला आमचा नेहमीच पाठिंबा राहिला आहे,’ असं कुणी माइकवर म्हणालं की माझं डोकं तापतं. समोर बसून टाळ्या वाजवाव्या लागतात, त्या मी वाजवते, पण मनात जे चाललेलं असतं ते मराठीच्या शिक्षिकेला शोभणारं नसतं.

मी मराठीचीच शिक्षिका. पळसदरीजवळच्या आमच्या शाळेत खेळाला वेगळे शिक्षक नाहीत, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात आली आणि तिथेच राहिली. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला मुलींनी फळ्यावर खडूने काढून समजावलं, तेही तीनदा. सोळा मुलींचा आमचा फुटबॉलचा संघ. भात निघालं की मोकळ्या शेतात खेळायचं, बांधापलीकडे बॉल गेला की आउट. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात, घोटाभर चिखलात. त्या चिखलात पडून पडून तयार झालेली आमची गोलकीपर तेव्हा नववीत होती. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण बॉल हातात आला की सुटायचा नाही.

मधल्या सुट्टीत मी मुलींना माझ्या फोनवर सामने दाखवायचे. एकदा ही बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “बाई, ह्यात गोली दिसतच नाय.”

“दिसते की. आत्ताच नाही का तिने बॉल अडवला?”

“तवा दिसते. पन बॉल तिकडं असतो तवा ती काय करते? मी तर नुसती उभी ऱ्हाते. उभी राहून राहून पाय जड व्हतात, आन् मग एकदम बॉल येतो.”

मी फोनवर तिला शोधायला लागले. फोनमधला कॅमेरा बॉलच्या मागे पळत होता, गोलकीपर मागे एकटी राहून जात होती. तिला शिकवणारं आमच्याकडे कुणी नव्हतं आणि तिने स्वतःशिवाय दुसरी मुलगी गोलमध्ये उभी राहिलेली फारशी पाहिलीही नव्हती.

त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचे देशोदेशीचे संघ आपल्याकडे खेळायला आले. काही सामने नवी मुंबईत होते. आमच्यापासून बसने दीड-दोन तास. आमच्या संघासाठी वीस पास आले. सोळा मुली, मी, आणि संस्थेचे तीन पदाधिकारी, असा हिशोब पत्रातच लिहिलेला होता. पास आल्याचं कळल्यापासून गोलकीपर रोज माझ्याकडे येऊन एकच सांगायची, “बाई, गोलच्या मागं बसायचं हां.”

पण ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे कापणी. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं होऊन उभं होतं, रोज दुपारनंतर आभाळ भरून येत होतं. एका मुलीचे वडील शाळेत आले. “बाई, भात आडवं व्हायला लागलंय आन् पोर बॉल बगाया जानार? तुमीच सांगा, आमी काय करायचं?” त्यांचं चुकत नव्हतं. पाठोपाठ आणखी चौघा-पाचजणांनी हेच सांगितलं. मी जवळजवळ हाय खाल्ली होती.

वाट काढली गोलकीपरने. “सावड करू ना बाई,” ती म्हणाली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. तिच्या घरी, साऱ्या गावात हे चालत आलेलं. सोळा जणींनी ते फुटबॉलसाठी केलं. शाळा सुटली की दप्तरं बांधावर आणि हातात विळे. नऊ दिवसांत त्यांनी ज्या ज्या घरचं हळवं भात होतं ते सगळं कापून काढलं. मीही एका संध्याकाळी विळा घेतला आणि पंधरा मिनिटांत बोट कापून घेतलं. “बाई, तुमी फळ्यावरच बऱ्या,” म्हणून पोरी खिदळल्या. गोलकीपरचं शेत पळसदरीच्या धरणाच्या अंगाला, खोलगट जागेत. तिथे गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं. तिची पाळी सामन्यानंतर येणार होती. तरी ती नऊच्या नऊ दिवस दुसऱ्यांच्या शेतात राबली. आता कुणाच्याही वडिलांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

आणि मग मी चूक केली.

आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट नुसती देत नाहीत. वह्या असोत, सायकली असोत, जंताच्या गोळ्या असोत, ते सगळं संस्थेच्या सचिवसाहेबांच्या शुभहस्ते. पास चार दिवस माझ्या कपाटात होते. मुकाट्याने मुलींच्या हातात दिले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण इतकी वर्षं नोकरी केल्यावर हात आपोआप तबकाकडे जातात. मीच नारळ आणला, मीच शाल आणली, मीच पासांचं पाकीट तबकात ठेवलं. साहेबांनी पाठिंब्याचं भाषण केलं, फोटो झाले, आणि पाकीट त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं. “पोरी हरवतील. तिकडे गेल्यावर देऊ.” मी मान डोलावली. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सामन्याच्या दिवशी बस आली ती भरूनच. साहेब, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडं, मेहुणे, मेहुण्यांची बायको, आणि संस्थेतले दोन मित्र. मोजून दहा. मला वाटलं, यांनी आपले वेगळे पास मिळवले असतील. वाटलं म्हणजे, विचारायचं धाडस झालं नाही. मुली तिघी-तिघी एका सीटवर, काही एकमेकींच्या मांडीवर, अशा पनवेल येईपर्यंत गात होत्या.

स्टेडियमच्या दारात साहेबांनी पाकीट काढलं. आपल्या दहाजणांना दहा पास वाटले. एक माझ्या हातात ठेवला. मग ओळीत उभ्या असलेल्या मुली पुढून मोजल्या, एक, दोन, तीन, नऊवर थांबले आणि म्हणाले, “बाकीच्यांना पुढच्या वेळी हं, बाळांनो.” कोण राहिलं हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गोलकीपर सगळ्यांत शेवटी उभी होती. मैदानात मागे उभं राहायची सवय, ती रांगेतही तशीच उभी.

तिने माझ्याकडे पाहिलं. सात जणी माझ्याकडे बघत होत्या. नऊ दिवस कुणी भात कापलं? पत्रात पास कुणासाठी होते? सगळं जिभेवर होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “साहेब, माझं डोकं फार दुखतंय. उन्हाने असेल. मी बाहेरच थांबते, माझा पास हिला देते.”

“हो हो, तब्येतीला जपा,” साहेब म्हणाले आणि नातवाला कडेवर घेऊन आत गेले.

मी बाकीच्या सहाजणींना घेऊन भिंतीच्या सावलीत बसले. आतून आरडाओरडा आला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या, “बाई, गोल झाला?” मला काय माहीत! दारावरचा सुरक्षारक्षक भला माणूस होता. तो म्हणाला, “मॅडम, आत खुर्च्या बऱ्याच रिकाम्या आहेत. पण पासाशिवाय मी नाही सोडू शकत, माझी नोकरी जाईल.” रिकाम्या खुर्च्या! हे ऐकल्यावर माझं डोकं खरंच दुखायला लागलं. एका पोरीने डब्यातली भाकरी काढून सात तुकडे केले आणि सातवा मला दिला. मी तो हातातच धरून बसले.

सामना संपला. साहेबांच्या नातवाच्या गालांवर झेंडे रंगवलेले होते, मेहुणे वेफर्स खात होते. गोलकीपर धावत आली, ती थेट त्या सहाजणींकडे. बसमध्ये मागच्या सीटवर सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. लोधिवलीपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“बाई, ती बोलते!”

“कोण?”

“गोली. बॉल तिकडं असतो ना, तवा ती उभी नसते. पुढं येते, मागं जाते, आन् सारखी वरडते. तू डावीकडं हो, तू मागं ये. भाषा नाय कळली मला, पन हातावरनं कळत होतं. आख्खा टाइम बाई! आन् तिला कुनीच गप बस म्हनत नाय. उलटं सगळ्या तिचं ऐकतात.”

ती थक्क झाली होती. जगातल्या मोठमोठ्या संघांमधलं तिला सगळ्यांत नवल वाटलं ते हे, की एक मुलगी दीड तास ओरडते आणि तिला कुणी गप करत नाही. मी तिला किती वेळा गप केलं असेल! वर्गात, प्रार्थनेला, पाहुण्यांसमोर.

मग ती एकदम माझ्याकडे वाकली आणि काळजीने म्हणाली, “बाई, तुमचं डोकं थांबलं का?”

“थांबलं,” मी म्हणाले.

मी उठले आणि सीटच्या दांड्या धरत धरत पुढे गेले. साहेब खिडकीला डोकं टेकून बसले होते. फळ्यासमोरचा माझा आवाज मोठा निघाला.

“साहेब, वीस पास आले होते. त्यातले तीन तुमच्या लोकांचे होते, एक माझा, बाकीचे ह्या पोरींचे. तुम्ही दहा आपल्याच माणसांना वाटलेत. सहा पोरी दोन तास भिंतीला टेकून बसल्या आणि आत खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या सामन्याचे सहा पास तुम्ही आणून द्यायचे.”

साहेबांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, अहो... मुलींसमोर?”

“मुलींसमोरच,” मी म्हणाले. मागच्या सीटवर नीट ऐकू गेलं नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.