गौराक्काच्या नखावरची गाडी

गौराक्कानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडं बघितलंच नाही, हातांकडं बघितलं. मी शाळेत नव्यानं लागलेली विज्ञानाची शिक्षिका, तिच्या घराची माडी भाड्यानं मागायला गेलेली. ओळखपाळख राहिली बाजूला, माझी कुरतडलेली नखं उलटसुलट न्याहाळून ती म्हणाली, "नखं खातीस व्हय? मग जरा चटणी लावून खात जा की, तेवढीच चव." मी लाजेनं अर्धी झाले. खोली मात्र मिळाली.

शुक्रवार पेठेत तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. माहेर मिरजेच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीतलं. जीव कळवळला की तिच्या तोंडून "यव्वा" निघायचं, बाकी बोलणं अस्सल कोल्हापुरी. इथल्या बायकांसारखी तीही "मी येतो", "मी करतो" म्हणायची. आवाज असा खणखणीत, की मला कधी गजराचं घड्याळ घ्यावं लागलं नाही.

एकदा तिनं ट्रंकेतून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला. काय लिहायचंय, असं मी विचारलं. तिनं कपाळाला हात लावला, मला खिडकीपाशी ओढत नेलं, कागद उजेडात तिरका केला, आणि त्यावर चक्क एक बैल उभा राहिला! शिंगं, वशिंड, गळ्यातल्या घुंगरांसकट. पेन्सिल नाही, शाई नाही, लग्नाआधी तिनं नुसत्या नखांनी कागद दाबून उठवलेला. तिचे वडील चित्रकलेचे मास्तर. ते नखचित्रं काढायचे आणि लेकीलाही त्यांनी शिकवलं होतं. पण लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिला नखं कापायला लावली. कणीक मळणाऱ्या हाताला नखं शोभत नाहीत म्हणे. पुढं बावीस वर्षं राखेनं भांडी आणि सोड्यानं कपडे. नख जरा वाढलं की त्याचे पापुद्रे सुटायचे. वडील जाईपर्यंत त्यांना दाखवण्यासारखं एक चित्र पुन्हा हातून झालं नाही, हे सांगताना ती पदर शोधायला लागली. मला घरातल्या त्या म्हाताऱ्या सासूचा असा राग आला म्हणून सांगू!

त्या वर्षी महिला मंडळानं नवरात्रानंतर हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. ही बातमी चैत्रात आली आणि अक्कानं जाहीर केलं, "औंदा नखं राखतो." अंगठ्याचं नख बुडापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात, असं मी मास्तरकी दाखवत सांगितलं. "लागू देत की," ती म्हणाली, "बावीस वर्षं थांबलोय, सहा महिन्यांचं काय घिऊन बसलीस?"

मग तिनं स्वतःला आणि मलाही कामाला लावलं. भांडी घासताना रबरी हातमोजे. पाण्यातून हात निघाला की कोरडा पुसून लगेच खोबरेल. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मूठभर फुटाणे आणि तीळ, संध्याकाळी गवळी समोर म्हैस पिळून देतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध. नखाला कात्री लावायची नाही, बारीक पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासायचं. "करवतीवानी मागं-म्होरं केलं की फाटतंय," असं ती बजावायची. माझ्या बोटांना तर इतकं तेल चोपडायची, की तोंडात घातली की मळमळायचं.

तिच्या उजव्या अंगठ्यावर दुकानातलं वजन पडलं होतं. त्याचा पांढरा डाग नखाच्या बुडाशी उमटला आणि हळूहळू वर सरकू लागला. अक्कानं त्याची रेल्वेगाडी केली. बूड म्हणजे मिरज, टोक म्हणजे कोल्हापूर, मधली स्टेशनं नखावर. ज्येष्ठात ती जिन्याखालून ओरडली, "मास्तरीणबाई, जयसिंगपूर आलं!" अख्ख्या गल्लीला वाटलं, हिच्या माहेरचं कोणी येतंय.

गाडी हातकणंगल्याला पोचली आणि अडली. श्रावणी सोमवारी वीस माणसांच्या पोळ्या करायच्या होत्या. सासूबाईंचे डोळे मोतीबिंदूनं अधू, पण सुनेच्या नखांचा पत्ता त्यांना बरोबर लागला. त्यांनी नेलकटर पुढं सरकवलं. अक्कानं मुकाट्यानं ब्रश आणि लिंबाच्या सालीनं नखं घासली आणि हात सासूच्या नाकापुढं धरले. म्हातारीनं वास घेतला. काहीच सापडेना, तेव्हा म्हणाली, "दिवाळीपातूर काय ते चित्र दाव. न्हाय जमलं तर कापायची, आन् पुन्ना नाव काढायचं न्हाय." अक्का कबूल झाली. मला रात्रंदिवस त्या नखाचीच धास्ती. दाराच्या कडीत अडकलं तर? पोत्याची गाठ सोडताना चिरलं तर? या काळजीतही मी स्वतःची नखं खाल्ली नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नवरात्र संपता संपता गाडी रुकडीच्या पुढं आली आणि चित्र झालं. ते तिनं कोणालाच दाखवलं नाही. प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही हॉलवर गेलो, तर टेबलावर चित्र नाही. मंडळाच्या बाईंनी कोरा कागद समजून तो क्रोशाच्या रुमालाखाली अंथरला होता! अक्का शांतपणे म्हणाली, "बाई, माझ्या माणसावर रुमाल टाकलाय तुम्ही." तिनं कागद उचलला, खिडकीत नेऊन तिरका धरला, आणि मागून "अगं बाई" अशी एकच कुजबुज उठली. दुपारपर्यंत त्या खिडकीशी रांग लागली होती. पहिला नंबर तिचाच आला. टाळ्या वाजवून वाजवून माझे हात लाल झाले.

घरी आल्यावर तिनं कागद सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांना ते पांढऱ्यावरचं पांढरं दिसणार कसं? मग अक्कानं त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. बोट हळूहळू फिरलं. सूप, सुपातले दाणे, बांगड्या, पदर. नाकाशी आलं आणि थांबलं. म्हातारीनं दुसरा हात स्वतःच्या नाकावर नेला, चाचपून बघितलं, पुन्हा कागदावर आणला.

"माझं नाक हाय हे," त्या म्हणाल्या. "येवढं मोटं न्हाय काडायचं."

सासूबाईंनी अक्काचा उजवा अंगठा शोधला, नखावरून आपलं बोट टोकापर्यंत नेलं आणि कागद जपून उशीखाली सरकवला.

"गौरे," त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं भांड्याला बाई बग."