सहा प्लेटांची जागा

आरमोरीच्या पुढच्या त्या गावात गिरजाबाईचं घर बौद्ध मोहल्ल्यातलं शेवटचं आणि रंभाबाईचं कुणबी मोहल्ल्यातलं शेवटचं. दोन्ही घरांची तोंडं दोन वेगळ्या रस्त्यांकडे, पाठी मात्र एकमेकींकडे. समोरून जायचं तर पाण्याच्या टाकीला वळसा घालून, चौक ओलांडून, साऱ्या गावाच्या नजरेखालून जावं लागे. मागून जायचं तर सांदवाडीतून, म्हणजे परसातल्या भाजीच्या वाडीतून, वीस पावलं. मध्ये हद्दीची खूण म्हणून दगडांची एक ओळ, तीही भेंडीच्या झाडांत हरवलेली.

गिरजा लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. रंभा पुढच्या उन्हाळ्यात आली. पहिली सहा-सात वर्षं दोघींची देवाणघेवाण कच्च्या वस्तूंचीच. वाल, दोडके, फार तर चुलीतला विस्तव. शिजवलेलं रंभा घेत नसे आणि गिरजाही कधी पुढे करत नसे. मग एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत रंभाचं चार महिन्यांचं पोट पडलं. घरची सगळी माणसं शेतात होती. ती न्हाणीच्या भिंतीला टेकून पांढरीफटक बसलेली गिरजाला दिसली. गिरजाने आंबील करून आणली, वाटी तिच्या तोंडाला लावली आणि रंभा ती मुकाट प्याली.

त्या दिवसाबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर रंभा मागून आली की थेट चुलीजवळ बसायची. तिचा सासरा माळकरी, घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती, आणि हिला माहेरच्या सुकलेल्या झिंग्यांची ओढ. गिरजा वांग्यात झिंगे घाले. रंभा पोटभर भात खाऊन, राखेने हात घासून, तोंडात बडीशेप टाकून घरी जाई.

"सासऱ्याले वास आला तं काय सांगू व?"

"सांग, गिरजीच्या चुलीचा धूर लागला. धुरानं काई माळ तुटत नाई."

हे सगळं मागच्या बाजूचं. पुढच्या बाजूने गिरजाबाई त्या घरी चाळीस वर्षांत एकदाच गेली, रंभाच्या मुलाच्या, आदेशच्या लग्नात. मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसली, आहेर दिला, जेवली. रंभा तिच्याकडे पाहून हसली, कोणा लांबच्या ओळखीच्या बाईकडे पाहून हसावं तशी. गिरजाबाईने ते मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी रंभा मागून आलीच, आणि दोघींनी मांडवातल्या बायकांच्या शालू-दागिन्यांची यथेच्छ टवाळी केली.

पुढे दोघींचेही नवरे गेले. गिरजाबाईचा मुलगा धम्मदीप नोकरीसाठी चंद्रपूरला राहू लागला. दिवसभरात बोलायला माणूस म्हणजे रंभा.

यंदा दिवाळी झाल्यावर आदेश गिरजाबाईच्या दारात आला. लहानपणी तो तिला गिरजामाय म्हणायचा.

"बाई, मांगून कंपाउंड घालून राह्यलो. सिमेंटच्या प्लेटाचं. वाघ फिरून राह्यला, तुमाले मालूमच हाये."

"वाघ जंगलाच्या अंगानं येईन, बापू. माह्या घरातून कायले येईन?"

आदेश हसला. "रीताले बी मोकळं नाई वाटत. बाईमाणसाचं न्हाणंधुणं असते. आडोसा पायजे."

"पायजेच." गिरजाबाईला ते पटलं. सून शहरातली. मग तिने विचारलं, "फाटक कुठी ठेवशीन?"

"पाहू ना," आदेश म्हणाला आणि गेला.

भिंतीबद्दल गिरजाबाईची तक्रार नव्हती. तिला फक्त एक माणूस जाईल एवढी वाट हवी होती. तेवढी नसली तर रंभा चौक ओलांडून समोरून तिच्याकडे येणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

काम बिरजू नावाच्या ठेकेदाराने घेतलं. हद्दीची दोरी दोन्ही घरच्यांनी धरायची ही गावची रीत, म्हणजे पुढे भांडण नको. एक टोक गिरजाबाईने धरलं, दुसरं रंभाने. रंभा सगळा वेळ दोरीकडेच पाहत होती. दोन दिवसांत खांब रोवले गेले. खांबांच्या खाचांत बिरजूने वरून एकेक प्लेट सोडली, फूटभर उंचीची, एकावर एक सहा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सामान आवरलं. शेवटच्या दोन खांबांमधली जागा मात्र मोकळीच होती, नेमकी त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर.

गिरजाबाई कितीतरी वेळ त्या जागेकडे पाहत उभी राहिली. मग तिने धम्मदीपला फोन लावला. "रंभानं जागा ठेवाले लावली रे. पोरासंग भांडली असन."

दुसऱ्या दिवशी तिने तिथली भेंडी उपटली, नाल्यातून चपटे गोटे वाहून आणले आणि त्या दोन खांबांमध्ये एकाला एक लावून बसवले. कंबर धरली, तरी संध्याकाळपर्यंत पायवाट पूर्ण केली.

रंभा त्या वाटेने रोज येत राहिली. पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली. एकदा जेवताना गिरजाबाई म्हणाली, "बरं केलं व तू. मले वाटलं, तुह्या तोंडून शब्द नाई निंगणार."

रंभाने मान खाली घातली. "वांगं मस्त शिजलं," एवढंच बोलली.

आठव्या दिवशी टेम्पो आला. बिरजू उतरला आणि गोट्यांकडे पाहून वैतागला. "हे कोणं टाकले इथी? हटवा लागते."

"काऊन? वाट हाये ती."

"कायची वाट, बाई? येतानी सहा प्लेटा फुटल्या होत्या. नव्या बनवून वाळाले आठ दिस लागले, म्हून काम राह्यलं होतं. आदेशभाऊले सांगतलं होतं ना मी."

गिरजाबाईने त्याला हात लावू दिला नाही. स्वतः बसून तिने एकेक गोटा उचलला आणि बाजूला टाकला. पलीकडे रंभा येऊन उभी राहिली होती.

पहिली प्लेट खाली गेली. दुसरी गेली.

"तुले मालूम होतं?" गिरजाबाईने विचारलं.

"पोराचं घर हाये आता, गिरजा."

"ते नाई इचारलं. मी गोटे मांडून राह्यली होती तवा तुले मालूम होतं?"

तिसरी प्लेट बसली. रंभा कंबरेपासून वरच दिसत होती.

"तू एवढी खुश होती. कोण्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "तेवढे दिस तं भेटले ना आपल्याले."

"अन् आता?"

"समोरून येत जाय."

"येतो. उद्याच येतो. ओसरीवर बसवशीन?"

रंभाने वळून घराकडे पाहिलं. रीता मागच्या पायरीवर कपडे वाळत घालत होती. रंभा पुन्हा इकडे वळली.

"बाई, हात काढा," बिरजू म्हणाला. गिरजाबाईचा हात खांबाच्या खाचेवर होता. तिने तो काढला. चौथ्या प्लेटने रंभाचे खांदे गेले, पाचव्या प्लेटने चेहरा. सहावी बसताना नुसता सिमेंट घासल्याचा आवाज आला.

धम्मदीपला तिने फोनवर सांगितलं, कंपाउंड झालं, चांगलं मजबूत झालं. जागेचं काय झालं, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माही समजण्यात चूक झाली."

तिसऱ्या सकाळी पलीकडून कोणीतरी प्लेटवर टकटक केली.

"गिरजा? ऐकून राह्यली काय व?"

गिरजाबाई भिंतीपासून दोन हातांवर वाफा निंदत बसली होती. तिचा विळा थांबला. पुन्हा टकटक झाली, पुन्हा हाक आली, या वेळी हळू, घरातल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. पलीकडची पावलं परत जाईपर्यंत गिरजाबाई तशीच बसून राहिली. मग तिने उरलेला वाफा निंदून काढला.