समुद्राच्या गावाला कूलर

कोकणात कूलर घेऊन जाणारं आमच्याशिवाय दुसरं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

ताईला शिक्षिकेची नोकरी लागली ती मेरिटवर, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. आणि शासनाने तिला टाकलं कुठे? केदारखेड्याहून निघालं की जमीन संपेपर्यंत जायचं, तिथल्या समुद्रकाठच्या गावात. घरातली पहिली सरकारी नोकरी, म्हणून कोणी कुरकुर केली नाही. पावसाळा निघाला. ऑक्टोबरात तिचा फोन आला.

"आई, मी राजीनामा देऊन राह्यले."

"का? कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं न्हाई. झोपच न्हाई. दिवसा घाम, रात्री घाम. वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटतात. दिवाळीला सामान घेऊनच येते."

एसी घे म्हणायची सोय नव्हती. खोलीची वायरिंग तेवढा भार घेणार नाही, असं घरमालकाने आधीच बजावलं होतं. त्यातून मी घरात. मी पत्रकं लिहिते आणि भोकरदनच्या बसस्टँडवर उभी राहून वाटतेही. पत्र्याच्या खोलीत भाजून निघणाऱ्या मजुराला सावली हक्काने मिळाली पाहिजे, हे माझं म्हणणं. आपल्या घरातली गरमी उचलून गल्लीत फेकायची याला एसी म्हणतात, हे वाक्यही माझंच. तेव्हा मी घोषणा केली, "एसीबिसी बिलकुल नको. गरमीत कसं राहायचं हे जालना जिल्ह्याने दुनियेला शिकवावं!"

आई भाषण संपायची थांबली नाही. ती कूलर पुसायला लागली होती.

गावातला मोसंबीचा पिकअप तिकडच्या बाजाराला निघाला होता. आई आणि मी पुढे बसलो. मागे मोसंबीच्या ढिगावर आमचा लोखंडी कूलर नायलॉनच्या दोरीने आवळलेला. घाटात एका हवालदाराने गाडी थांबवली.

"मावशी, कूलर कुठं निघाला?"

"समुद्रावर."

तो इतका हसला की गाडीचे कागद बघायचे राहूनच गेले.

ताईची खोली तळमजल्यावर होती. वर मालकाच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या. ताईचे डोळे आत गेल्ते. खोलीत मात्र छान अंधार होता आणि आई त्या अंधारावर खूश झाली. "बरं हाय, ऊन आत येत न्हाई." आमच्याकडे थंड खोली म्हणजे अंधारी खोली. सकाळीच खिडक्या लावायच्या, फरशीवर पाणी मारायचं, दारात ओलं लुगडं सोडायचं. कोरडा वारा ते पाणी पितो आणि बदल्यात गारवा देतो. हा व्यवहार आमच्या पिढ्यान्पिढ्यांचा. आईने तो इथेही बराबर केला. उरलेली एक खिडकी लावली, फरशी ओली केली, कूलर काठोकाठ भरून चालू केला.

थोड्या वेळात खोलीची इडलीपात्रातल्यासारखी दशा झाली. भिंतींना घाम सुटला. उशी ओली, मिठाचा गोळा, पापडाची चादर. आई पदराने मान पुसते, परत पुसते. "हा घाम वाळून का न्हाई राह्यला?"

मी समजावायला गेले की शरीराला सवय लागते, आणि एसी हे शेवटी श्रीमंतांचं...

"तुझं पत्रक खिशात ठेव," ताई म्हणाली. "मला झोप दे, न्हाईतर गप बस."

तेवढ्यात लाइट गेली. आत बसवेना म्हणून आम्ही तिघी घराच्या मागे माडांखाली गेलो, आणि तिथे वारा! समुद्रावरून सरळ येणारा, अंगावरचा घाम टिपून घेणारा. आईने मान वर केली. घराच्या मागच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स ठोकलेला होता: "एसी रूम मिळेल". वाऱ्याने तो भिंतीवर दाबला जात होता आणि मधे चौकोनी खड्डा पडत होता.

"त्याच्यामागं खिडकी हाय," आई म्हणाली.

होती. ताईच्याच खोलीची. पावसात झड येते म्हणून तिने ती लावली, पुढे मालकाने वर फ्लेक्स ठोकला, आणि तिला उघडायचं सुचलंही नाही. गरम झालं की खिडकी लावायची, याच शिकवणीत आम्ही वाढलेल्या.

मालक बाहेर आले तशी मी सुटले. "काका, भाडं खोलीचं घेता आणि हवा अडवता? हवा काय तुमच्या मालकीची आहे?"

"अहो, हवा फुकट आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण पाटी बीचवरून दिसायला नको? दिवाळीचे पाहुणे येतील."

मी पुढचा मुद्दा काढणार, तर आई मधे. "दादा, ही पोरगी भांडकुदळ हाय, मनावर घेऊ नका. मोसंबी खा. पाटी दिसल्याशी मतलब ना तुम्हाला?" कूलरची दोरी तिने सोडून आणलीच होती. खिडकीचा वारा अडणार नाही अशा, बाजूच्या दोन माडांच्या मधे पाटी ताणून बांधली. मालक वाळूवर जाऊन बघून आले. "झकास दिसते हो! आधीपेक्षा लांबून."

खिडकी उघडली, समोरचं दार उघडलं. गादी उन्हात टाकून वाळवली आणि वाऱ्याच्या वाटेत अंथरली. ताई आडवी झाली. आईला मात्र राहवेना. भर दुपारी उघडी खिडकी तिला घर उघडं टाकून गावाला गेल्यासारखी वाटत होती. ती दोनदा उठली.

"आई," ताई डोळे मिटूनच बोलली, "खिडकीला हात लावशील तर बघ."

मंग ती झोपली. कशी झोपली! तोंड उघडं, एक पाय गादीबाहेर. आम्ही दोघी भिंतीला टेकून, न बोलता मोसंबी सोलत बसलो. मला इतका वेळ गप्प बसलेलं आईने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ताई उठली. गालावर गादीच्या शिवणीच्या रेघा. चहा घेता घेता ती शाळेचं बोलायला लागली, आल्यापासून पहिल्यांदा. दुसरीतली एक मुलगी म्हणे तिला विचारते, "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात की तुमच्याकडे असंच बोलतात?" ताई हसली. सोमवारी त्या मुलीला तीनचा पाढा म्हणायला उभं करणार आहे, म्हणाली.

सोमवारी. मी तोंड उघडलं, राजीनाम्याचं काय ते स्पष्ट विचारावं म्हणून. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी चहा सांडला.

"तीनचा कशाला," आई ताईला म्हणाली, "आधी दोनचा घे. लेकरू हाय ते."