विहीणबाईंची शाल आणि किलोभर गॅस

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या गारमास्तरांना दोनच गोष्टींची धास्ती: गळका पाइप आणि विहीणबाई. गळका पाइप साबणाच्या फेसाने सापडतो. विहीणबाईंच्या मनाचा ठाव त्यांच्या सख्ख्या मुलालाही लागलेला नाही.

त्यात मास्तरांच्या जिभेला हाड नाही. लेकीच्या सासरी जेवता जेवता बोलून बसले, "जुनी गाडी मोडीत कशाला काढता? जुना गॅस मिळत नाही, तर एसी नव्या गॅसवर चालवू. रविवारी गाडीत बसायला या, येताना शाल आणा. कुडकुडाल."

"नाही कुडकुडले तर?"

"तर गॅरेजवरची 'बर्फासारखं गार' ही पाटी उतरवीन."

तीस वर्षांची पाटी ती. पण शब्द गेला तो गेलाच.

काम मात्र मास्तरांनी नेटकं केलं. जुना गॅस यंत्राने काढून घेतला, कॉम्प्रेसरचं तेल आणि रबरी कड्या बदलल्या, पाइपांतली हवा ओढून घेतली. राहिलं भरणं. त्यांचा नेम असा, की बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस. ग्रॅम इकडे नाही की तिकडे. अंदाजाने भरणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टर उडवलेली. पट्टीवर एक किलो होतं. काट्यावर तोलून एक किलो भरला.

रविवारी विहीणबाई मागच्या सीटवर बसल्या. दहा मिनिटांनी शालीची घडी करून तिनेच वारा घेऊ लागल्या.

"व्याहीबुवा, शिडी आहे ना? पाटी बरीच उंच दिसते."

"जरा अजून भरतो," म्हणत मास्तर बाटलीकडे वळले. तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरपाशी थबकली.

"अहो, काटा लाल खुणेपलीकडे गेलाय. आणि ही पट्टी कुठल्या गॅसची?"

मास्तर वाकले. पट्टी जुन्या गॅसची. नवा कमी लागतो, हे त्यांना पोपटासारखं पाठ. पण पट्टी दिसली की मास्तरांची अक्कल गहाण पडते. जास्त झालेला गॅस कोंडला होता, गारवा येणार कुठून? त्यांनी यंत्र पुन्हा जोडलं.

"काढताय? भरायचा होता ना?" विहीणबाईंनी मान बाहेर काढली.

"कमी केला की गार होईल."

"तुमच्या बोलण्याबद्दल मी मुलाला लग्नापासून हेच सांगतेय."

मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना. चहा बशीत सांडला.

दीडशे ग्रॅम निघाला. काटा खाली आला, पाइपाला दव धरलं. आत विहीणबाईंनी शालीची घडी मोडली. मग शाल खांद्यावर आली, खांद्यावरून कानांवर गेली.

"उतरता का, विहीणबाई? चहा निवतोय," बायको म्हणाली.

"इकडेच द्या. गरम काहीतरी हवंच आहे."

मास्तरांची छाती पुन्हा फुगली. कोरा कागद घेऊन त्यांनी 'नवा गॅस, साडेआठशे ग्रॅम' असं लिहिलं आणि जुन्या पट्टीवर चिकटवायला निघाले.

शालीतून आवाज आला, "अक्षर जरा मोठं काढा. पुढच्या वेळीही तुम्हीच वाचणार आहात."