संडासातला दांडा

आमच्या क्वार्टरच्या संडासात भिंतीला लोखंडी दांडा होता. तो धरूनच बाबा उठायचे. पोलादाच्या प्लँटमध्ये जन्मभर वेल्डिंग केलेल्या त्या माणसाच्या हातचा तो शेवटचा जोड, आणि तोच एका शनिवारी भिंतीवरच्या पट्टीपासून सुटला. सोमवारी मला जवळच्याच रसमडा गावातल्या एका कारखान्यात, ऑफिसच्या कामावर रुजू व्हायचं होतं. आई गेल्यापासून सहा वर्षं मी घरातच होते. दांडा नाही तर बाबांना उठवायला मी हवी, आणि मी हवी म्हणजे नोकरी नाही.

वेल्डर बोलावते म्हटलं तर बाबा उखडले. "माह्या जोडाले दुसऱ्याचा हात नाही लागनार. मीच करतो."

मोतीबिंदू काढलेले डोळे आणि चमचा धरतानाही थरथरणारा हात! मी कपाळावर हात मारला आणि दांडा चिकटवायचं ठरवलं.

हार्डवेअरवाल्यानं नीट समजावलं. झटपट चिकटणारं नको, ते धक्क्याला टिकत नाही. दोन ट्यूबवालं घ्या, दोन्ही सारख्या मापानं मिसळा आणि चोवीस तास हात लावू नका. मग त्यानं सहज विचारलं, "लगाना कहाँ है, दीदी?"

मी सांगितलं, तशी त्यानं डबी मागे ओढली. "जिस पर आदमी का वजन आए, वहाँ ये मत लगाओ. वेल्डिंग कराओ."

मी पैसे ठेवले आणि डबी उचलून आणली. घरी बाबांना फक्त चोवीस तासांचं सांगितलं, वजनाचं अक्षरही बोलले नाही.

रविवारी सकाळी बाबा संडासाच्या दारात खुर्ची टाकून बसले. नाक मुरडत होते, पण शिकवल्याशिवाय राहवेना. "रंग घासून काढ. लोखंड चमकलं पायजे. आता बोट नोको लावू, तेल लागते." मी घासलं, थिनरनं पुसलं, लेप भरला, दोरीनं आवळून बांधलं. दुपारी सोमवारच्या ड्रेसला इस्त्री करताना मी चक्क गुणगुणत होते.

संध्याकाळी ठण्ण आवाज आला. जोड ठोकून पाहिल्याशिवाय वेल्डरला चैन पडत नाही, आणि चोवीस तास थांबायची तर बाबांना कधी सवयच नव्हती. भिंतीला टेकून ते उभे होते, हातात वेल्डिंगची खपली झाडायची हातोडी, आणि दांडा खाली पडलेला.

"चोवीस तास म्हटलं होतं ना!" मी ओरडले. मला रडूच फुटलं. घराचं दार पुन्हा माझ्या तोंडावर लागलं होतं.

बाबांनी पट्टीवरचा लेप नखानं खरवडून पाहिला. "वाळला हाय. तरी एका ठोक्यात गेला. दुकानवाल्यानं तुले काई सांगतलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बोलाव वेल्डरले."

वेल्डर मंगळवारी आला. तोवर कारखान्यानं दुसऱ्या मुलीला घेतलं होतं. मधल्या सोमवारी मी बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, आणि ते वजन मी दुकानदारानं नको म्हटलेल्या लेपाच्या भरवशावर टाकून निघाले होते, हे मला तेव्हा कळलं.