सभागृहाची डावी बाजू

नेरूळमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती आणि ती एकमेकांची आरशातली प्रत होती. आमचा ओटा डावीकडे, शेजाऱ्यांचा उजवीकडे. शेजारी आमच्याकडे आले की दिव्याच्या बटणासाठी भलत्याच भिंतीवर हात फिरवायचे. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. माझ्या पत्नीला तर नाहीच, कारण अशा घरांचे नकाशे शाईने उतरवणं हीच तिची नोकरी होती.

ती ट्रेसर होती. बेलापूरच्या एका नियोजन कार्यालयात ड्राफ्ट्समन पेन्सिलीने नकाशा काढायचे आणि ती त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून रेघेवर रेघ ओढायची. अर्धं घर उतरवायचं, मधल्या रेषेवर कागद पालथा करायचा आणि उरलेलं अर्धं त्यावरून काढायचं. वेळ निम्मा लागे आणि चूक होत नसे. तिचं माहेर करावे गावचं. नव्या शहरासाठी वडिलांची शेती गेली, बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती हिला. रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी तिच्या टेबलावर आलेल्या एका नकाशात वडिलांच्या शेतावरून सेक्टरचा रस्ता जात होता. तिने तो उतरवला. मला हे लग्नानंतर बऱ्याच काळाने, वाल सोलताना सांगितलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या कार्यालयात संगणक येणार असं ठरलं. ट्रेसरची गरज संपणार होती. नोकरी कोणाची जाणार नव्हती, पण ड्राफ्ट्समनचं प्रमाणपत्र नसेल त्यांना रेकॉर्ड रूममध्ये नकाशांच्या गुंडाळ्या लावायला बसवणार होते. तिने जुईनगरच्या एका संस्थेत संध्याकाळचा कोर्स घेतला. शेवटच्या परीक्षेसाठी एका जुन्या इमारतीचं मोजमाप घेऊन तिचा दर्शनी नकाशा सादर करायचा होता. बाकीच्यांनी जवळपासची देवळं आणि कौलारू घरं निवडली. हिने फोर्टमधलं विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह निवडलं.

त्यालाही कारण होतं. माझं वर्तमानपत्राचं ऑफिस त्याच भागात. एकदा ती मला भेटायला आली आणि मला उशीर झाला, तेव्हा मैदानाच्या कठड्यापाशी त्या इमारतीसमोर उभी राहिली. मी पोचलो तेव्हा रागावलेली असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “हे कोणी काढलं?” बांधलं नव्हे, काढलं.

आमच्या संदर्भ विभागात उत्तर सापडलं. आराखडा करणारा वास्तुकार लंडनचा होता. तो इथे कधी आलाच नाही. त्याने मध्ययुगीन फ्रेंच धाटणीचं सभागृह तिकडे बसून कागदावर उभं केलं, कागद बोटीने आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ते दगडात उतरलं. भिंतींना कुर्ल्याचा दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड. मी हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. तिने हातातला घास तसाच धरून ठेवला.

“म्हणजे इथल्या लोकांनी ते ट्रेस केलं,” ती म्हणाली.

संस्थेचं पत्र दाखवून परवानगी मिळाली आणि आमचे रविवार तिकडे जाऊ लागले. टेपचं एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. जिथे हात पोचत नाही तिथे दगडांचे थर मोजायचे आणि एका थराच्या उंचीने गुणायचं, ही पद्धत मला तिथेच कळली.

“अहो, टेप ताठ धरा. बातमी नाही ही, झोल चालणार नाही.”

“धरलाय की.”

“धरलाय नाही, लोंबतोय.”

फाटकावरचा पहारेकरी हे ऐकून दर वेळी हसायचा. साताऱ्याकडचा माणूस होता. “वहिनी, सायबांना आकडे लिवायला द्या, दोरी मी धरतो,” असं त्याने एकदा सुचवलं. तेव्हापासून दोरी त्याच्याकडे गेली आणि मोजमाप सुधारलं.

त्यानेच एकदा आम्हाला आत नेलं. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसलं नाही. मग छप्पर दिसू लागलं, इतकं वर की आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत असं वाटावं. तिन्ही बाजूंना लोखंडी ब्रॅकेटांवर तोललेली गॅलरी होती. आणि आम्ही ज्या दारातून आलो त्याच्यावर चाकासारखी प्रचंड गोल खिडकी होती, तिच्या कडेच्या काचांत बारा राशी. बाहेरून ती खिडकी काळपट दिसायची. आम्ही तिची जाळी मोजली होती आणि आत काय आहे याचा पत्ता नव्हता. ऊन काचेतून येऊन फरशीवर पडलं होतं, लाल, निळं, पिवळं. तिने बगलेतला कोरा कागद फरशीवर अंथरला. रंग कागदावर आले. ती बराच वेळ उकिडवी बसून त्या कागदाकडे पाहत राहिली. पहारेकरी कुजबुजला, “काय काढताय वहिनी?”

“काही नाही,” ती म्हणाली. “काढून ठेवलेलंच आहे.”

दर्शनी भागाच्या दोन टोकांना दोन गोल जिने वर जातात. ते भिंतीत दडवलेले नाहीत, दगडाच्या जाळीतून आरपार दिसतात. चढणारा माणूस दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा वरच्या वळणावर दिसतो. उजव्या जिन्याने आम्हाला पहिल्या वळणापर्यंत जाऊ दिलं. तिथून खांबांची डोकी हाताच्या अंतरावर होती. प्रत्येकावर दगडाची पानं, शिरांसकट. काही पानांच्या कडा वाऱ्याने उलटाव्यात तशा उलटल्या होत्या. तिने ती एकेक करून वहीत काढली.

डावीकडे सफाईचं काम चालू होतं. बांबूंची परांची आणि ताडपत्री खालपासून वरपर्यंत, जिन्याला कुलूप. तिला त्याची चिंता नव्हती. उजवी बाजू मोजून झाल्यावर तिने घरी मधल्या रेषेवर कागद पालथा केला आणि डावी बाजू काढली. आयुष्यभर तेच केलं होतं. नकाशा पुरा झाला तेव्हा जेवणाचं टेबल त्याने पूर्ण व्यापलं होतं आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो.

त्या आठवड्यात माझे सासरे कराव्याहून खाडीतल्या निवट्या, ताजी मासळी, घेऊन आले. टेबलापाशी थांबले.

“ह्यो कंचा देऊल हाय, बाय?”

“देऊल नाय बाबा. मोठी शाला हाय, मुंबईला.”

“कवरी मोठी!” ते वाकून बघत राहिले. मग विचारलं, “आनि आपली जागा कंच्या कागदाव हाय?”

“ती हापिसात हाय.”

“बरं,” म्हणाले आणि निवट्या मोरीत नेऊन ठेवल्या.

नकाशा सोमवारी द्यायचा होता. आदल्या दिवशी सकाळी आम्ही शेवटचे गेलो, एका कठड्याची उंची तपासायला. परांची उतरवली होती. डावी बाजू पहिल्यांदाच उघडी होती आणि धुतलेला दगड साईसारखा दिसत होता. मी कठड्याकडे निघालो. ती मागेच राहिली. वळून पाहिलं तर पायरीवर बसली होती.

“काय झालं?”

“ही बाजू वेगळी आहे.”

मला काही दिसेना. कमानी त्याच, जिना तसाच. तिने बोटाने दाखवलं. उजवीकडे ज्या खांबाच्या डोक्यावर नुसती पानं होती, त्याच्या जोडीच्या खांबावर पानांत पोपट बसला होता. पुढच्यावर सीताफळासारखं फळ. त्याच्या पुढच्यावर पुन्हा पानं, पण वेगळ्या झाडाची. मग आम्ही उजवीकडे जाऊन पुन्हा पाहिलं. तिथेही एकासारखं दुसरं नव्हतं. त्या वहीत तिने प्रत्येक वेगळं काढलं होतं, पण जोडी जुळते का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

“लंडनच्या कागदात एवढं असणं शक्यच नाही,” ती म्हणाली. “तिकडून एवढंच आलं असेल, ‘इथे पानं कोरा’. कोणती, ते इथल्या कारागिरांनी ठरवलं. हे ट्रेस नाही केलेलं.”

तिच्या आवाजात भीती होती आणि आनंदही होता. मला दोन्ही एकाच वेळी ऐकू आले.

मी व्यवहाराचं बोललो. “तुझ्या कागदावर हे डोकं नखाएवढं आहे. कोण बघणार?”

“मी बघितलं ना.”

“नोकरीतल्या जागेचा प्रश्न आहे. अपुरा नकाशा दिलास तर नापास करतील.”

“तुमचं बरं आहे. चुकलं की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा. माझ्या कागदाला आतलं पान नाही.”

डाव्या जिन्याला अजून कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, किल्ली ऑफिसात, ऑफिस उद्या. ती खालूनच काढत बसली. पोपट दुपारपर्यंत झाला, मग फळ, मग खालची बाकीची. मी वडापाव आणला तो तिने डाव्या हाताने खाल्ला. वरच्या ओळीतली डोकी मात्र खालून नीट दिसत नव्हती. पानं असावीत, एवढंच कळत होतं.

घरी येऊन तिने अर्ध्या ब्लेडने डाव्या बाजूची सगळी डोकी कागदावरून खरवडली. हे काम करताना श्वास रोखावा लागतो, ब्लेड जरा रुतलं की कागद फाटतो. खालची डोकी नव्याने काढली. वरच्यांच्या जागी फक्त बाहेरची रेघ ठेवली, आत कोरं. आणि कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: डावी बाजू उजवीसारखी नाही. कोरा भाग जवळून पाहिलेला नाही.

तोंडी परीक्षा संस्थेच्या वर्गात होती, दार उघडं होतं, मी व्हरांड्यात बाकावर. परीक्षक मुंबईहून आलेले वयस्क गृहस्थ होते.

“मॅडम, शीट इन्कम्प्लीट आहे.”

“हो सर.”

“सिमेट्रिकल बिल्डिंग आहे. उजवी बाजू फ्लिप केली असती तरी चाललं असतं.”

“केली होती सर. मग खोडली.”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज. ते भिंगातून पाहत असावेत.

“हे काय, पोपट?”

“पोपट.”

“मी त्या हॉलमध्ये डिग्री घेतलीय. मला कधी पोपट दिसला नाही.”

“परांची असेल सर,” ती म्हणाली. आतून हसू ऐकू आलं, त्यांचं.

अपुऱ्या कामाचे गुण कापले. ती पास झाली, काठावर नाही पण फार वरही नाही. रेकॉर्ड रूम टळली. खिडकीजवळचं ड्राफ्ट्समनचं टेबल मिळालं, पुढे त्यावर संगणक आला. शिकवायला आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी दाखवलं की अर्धं घर काढायचं, एक आज्ञा द्यायची, दुसरं अर्धं आपोआप उमटतं. तिने आज्ञा दिली. समोरासमोर दोन घरं पडद्यावर आली. “घरांना चालेल,” असं ती त्याला म्हणाली. त्याला काही कळलं नसणार.

नकाशा परत मिळाल्यावर मी आमच्या क्रीडा विभागातून दुर्बीण मागून आणली. रविवारी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी टेप नव्हता; जिन्याचं कुलूप तसंच होतं. ती डाव्या जिन्याखाली उभी राहून दुर्बिणीतून वर पाहू लागली. किती वेळ, ते माझ्या लक्षात नाही. पहारेकरी येऊन शेजारी उभा राहिला, तोही वर पाहू लागला.

“काय आहे?” मी विचारलं.

“पानंच आहेत.” मग तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. “अगदी वरचं बघा. मधलं पान.”

मला आधी पान दिसलं, मग त्याची कड. ती कुरतडलेली होती. तुटलेली नव्हे, कुरतडलेली कोरली होती. आणि त्या कुरतडीच्या टोकाशी, जमिनीवरून कोणालाही दिसणार नाही अशा उंचीवर, दगडाचा एक सुरवंट होता.

पहारेकऱ्याने दुर्बीण मागितली. तिने पिशवीतून वही काढली, पायरीवर बसली आणि पेन्सिलीला टोक केलं.