फिशटँकमधला पानसोट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबा वरूडहून माझ्याकडे अकोल्याला आले, तेव्हाच मी ठरवलं होतं की आता त्यांना परत जाऊ द्यायचं नाही. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. गुडघ्यांपायी संत्र्याचा बगीचाही पुतण्याच्या हवाली केला होता. पण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हा त्यांचा एकच धोशा. डोळा बरा झाला तशी दर दोन दिवसांनी एसटीची चौकशी सुरू झाली.

माझा जीव हॉलमधल्या फिशटँकमध्ये. मासे नावापुरते, सहा गप्पी; खरा शौक पाण्यातल्या झाडांचा. त्यातल्या एका गवतासारख्या झाडाचे कोंब वाळूतून धावत जायचे आणि थोड्या अंतरावर नवं रोप उभं करायचे. बाबांनी ते पाहून 'हराळी' म्हणून निकाल लावला. आपण जन्मभर हराळी खणून काढली आणि लेक ती काचेच्या पेटीत, वर दिवा लावून वाढवते, याचं त्यांना मनापासून हसू यायचं.

माझं लाडकं झाड मात्र मधलं. लांब रुंद पानांचं, दुकानदार त्याला 'स्वोर्ड' म्हणतो. दोन वर्षांनी त्यानं पहिला दांडा सोडला होता आणि त्याच्या पेरापेरावर एकेक अशी पाच चिमुकली रोपं धरली होती. त्यांना मुळ्या फुटल्या की ती वेगळी करायची, म्हणून मी रोज डोकावत होते.

एका दुपारी शाळेतून शिकवून आले, तर तो दांडा टीपॉयवर पेपरात ठेवलेला. शेजारी माझी कात्री, धुऊनपुसून.

"पानसोट काढला," बाबा समाधानानं म्हणाले. संत्र्याच्या झाडाला असे सरळसोट, फळ न देणारे फुटवे येतात. ते झाडाचा जोर खातात म्हणून वेळीच काढावे लागतात, आणि बाबांचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझं डोकं फिरलंच.

"हा तुमचा बगीचा नाही, बाबा. माह्या घरात मले इचारल्याबिगर कायलेच हात लावू नका."

'माह्या घरात' हे शब्द तोंडातून गेले आणि मग मलाच ऐकू आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आत जाऊन सकाळच्या गाडीसाठी पिशवी भरू लागले.

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. मी दांडा पाण्यावर सोडला आणि दारात उभी राहून सांगितलं की तो अजून ताजा आहे, तरंगत ठेवला तर मुळ्या फुटतील. पण दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं आणि मी तर शाळेत. लक्ष ठेवायचं तेवढं खोटं होतं. असा दांडा आपला आपण जगतो.

किती दिवस, त्यांनी विचारलं. तीनेक आठवडे, मी म्हटलं. त्यांनी पिशवीतून सदरा काढून परत खुंटीला अडकवला.

मग रोज खुर्ची ओढून टँकपाशी. दांडा फिल्टरच्या धारेत जाऊ नये म्हणून त्यांनी तो दोऱ्यानं बांधून ठेवला. शेजारच्या काकूंनी मुक्काम किती विचारलं, तर म्हणाले, मुळ्या फुटेपर्यंत. त्या दिवसापासून मी सकाळी उठून टँक बघायचे आणि मुळी दिसली नाही की मला बरं वाटायचं.

फुटायच्या त्या फुटल्याच. एका रविवारी त्या दोन बोटं लांब झाल्या, तेव्हा बाबांनी पाची रोपं कापून वेगळी केली आणि बाही सारून वाळूत लावली. गाभा वाळूखाली जाऊ देऊ नका, नाहीतर सडतो, हे मी सांगणार तोवर त्यांनी तसंच केलेलं. कलमाचा डोळा मातीत गाडत नाहीत, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मी टॉवेल घेऊन उभी. आता गाडीचं विचारतील, असं वाटत होतं.

हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "याईले दांडा कवा येते?"

"दोन वर्षं तरी लागतीन, बाबा."

"लागू दे," ते म्हणाले.